मधल्या पाण्यात सोडलेली कासवं

अमोलचे बाबा मंगळवारी सकाळी बागेच्या तळ्यात उतरले. त्यांच्या हातात कासव होतं. ते परत आले नाहीत.

हे आधी लिहून घ्या, मग बाकीचं सांगते. मी कुठूनही सुरुवात केली तरी तिथेच येऊन थांबते, माहेरचं सांगायला लागले तरी तिथेच आणि शाळेचं सांगायला लागले तरी तिथेच, त्यापेक्षा ते आधी सांगून टाकलेलं बरं. आणि गावाचं नाव लिहू नका. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव म्हणा, पुरे झालं.

माझं नाव सुमन. माहेर धाडजवळचं. वडील भाजीपाला लावायचे, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि आठवडी बाजारात आई आणि मी पोतं अंथरून बसायचो. आई विकायची आणि मी भाजी बांधायला आणलेली रद्दी वाचत बसायचे, गिऱ्हाईक उभं असायचं आणि त्याच्या मिरच्या बांधायचा कागद माझ्या हातात, आई म्हणायची, बाई, झालं असंल वाचून तं दे. त्या वाचण्यापायीच बारावी झाले, ग्रंथालयाचा कोर्स केला, आणि लग्न होऊन इथे आल्यावर मुलींच्या शाळेत ग्रंथालयात लागले ते निवृत्त होईपर्यंत. सासरी माझ्या बोलण्याला हसायचे. सासूबाई म्हणायच्या, सूनबाई बोलून राह्यली का वाचून दाखवून राह्यली. पण घाबरले की माझी भाषाही घरची होते, ते तुम्हाला पुढे दिसेलच.

अमोलचे बाबा नगरपरिषदेच्या बागेत माळी. सासरे माळी, आजेसासरे माळी, हातात गुण होता, काडी खोचली तरी फुटायची. बागेच्या मधोमध तळं आहे, एका बाजूला दगडी पायऱ्या, तीन बाजूंना गवत आणि कडुनिंब. तळ्यातलं शेवाळ काढणं, जलपर्णी ओढणं, कुणाची चप्पल पडली, चेंडू पडला तर तो काढणं, सगळं त्यांच्याकडेच. पोहता येत नव्हतं. पोहायची गरज काय, ते म्हणायचे, सगळं तळं माझ्या कमरेएवढं आहे, कुठे दगड आहे, कुठे चिखल आहे, ते माझ्या पायांना पाठ आहे. आणि खरंच पाठ होतं. डोळे मिटून चालले असते.

आता कासवांचं. पूर्वी त्या तळ्यात आपली देशी कासवं होती, मऊ पाठीची, चिखलात दडून राहणारी, वर्षात एखादवेळी नाक दिसलं तर दिसलं. मग हळूहळू लोकांच्या घरात ती दुसरी कासवं यायला लागली, हिरवी, डोळ्यामागे लाल पट्टा, बिस्किटाएवढी असतात लहानपणी, काचेच्या भांड्यात ठेवतात. कासव घरात असलं की घराला बरकत येते, असं कुणीतरी सांगतं आणि लोक आणतात. दोन-तीन वर्षांत ते ताटाएवढं होतं, पाणी घाण करतं, वास मारतं, बोट पुढे केलं की चावतं. मग त्याचं काय करायचं? मारता येत नाही, कासव म्हणजे विष्णूचा अवतार, देवळात जाताना आपण आधी त्याच्यापुढे वाकतो. नाल्यात टाकता येत नाही, तेही पापच. मग बागेच्या तळ्यात सोडायचं. पण गुपचूप नाही, पूजा करून. घरची बाई हळदकुंकू लावणार, अक्षता टाकणार, नारळ फोडणार, आणि माळीबुवांना म्हणणार, भाऊ, काठावर नका सोडू, काठावर कुत्रे ओढतील, मधल्या पाण्यात सोडा.

मधल्या पाण्यात. हा शब्द मी इतक्यांदा ऐकला आहे की आता कुणी साधं मधे म्हटलं तरी मी हातातलं काम खाली ठेवते.

आणि हे सोडायचे. दोन्ही हातांवर कासव धरून, प्रसादाचं ताट धरावं तसं, पाण्याच्या वर धरून चालत मधे जायचे, वाकायचे, हळूच सोडायचे आणि नमस्कार करून परत यायचे. मी एकदा म्हटलं, अहो, काठावरून सोडलं तर काय होतं, ते पोहतच जाणार ना. तर म्हणाले, लोक विश्वासानं देतात, फेकल्यासारखं कसं करू. तसा माणूस होता. त्यांना कधी घाई नव्हती.

त्या वर्षी उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढला. पोकलेन आलं, पंधरवडा खडखडाट चालला, गाळाखाली चांगला मुरूम लागला आणि तोही नेला कुणीतरी, कुणी नेला ते मी सांगत नाही कारण मला ठाऊक नाही. मधे खड्डा राहिला. मशीन निघून गेलं आणि दुसऱ्याच आठवड्यात पाऊस लागला, तळं भरलं, वरून सगळं पूर्वीसारखंच दिसायला लागलं. खड्डा आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. कडेकडेनं जातो, ते म्हणायचे. पण किती मोठा, कुठून सुरू होतो, ते पाण्याखाली कसं कळणार? पायांना जुनं तळं पाठ होतं, नवं नाही.

भादव्यात एक कुटुंब गाडीतून आलं. कासव मोठं होतं म्हणतात. पूजा झाली. हे उतरले. जे काठावर होते त्यांनी सांगितलं की पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा हे थांबले, मागे पाहिलं, आणि मग एकदम खाली गेले, पण हात वरच होते. काय सांगू तुम्हाला, हात वरच होते. कासव सोडलं नाही. हात मोकळे असते तर काही झालं असतं का, कुणी म्हणतं झालं असतं, कुणी म्हणतं नाही. मग हातही गेले, आणि कासव पोहत निघून गेलं.

ते कासव अजून तळ्यात होतं. हे मला तेराव्यानंतर एका दुपारी एकदम लक्षात आलं आणि मी थंड पडले. ते तिथेच आहे, आणि सगळी दिसायला सारखी, एकाच्या डोळ्यामागे पट्टा तसाच दुसऱ्याच्या. मी बागेवरून जाणं सोडलं. शाळेत जायचा तोच रस्ता जवळचा, तरी मी बाजारातून फिरून जायचे. घरात बादलीत नळाचं पाणी पडलं तरी मला तो आवाज सहन होत नव्हता, मी नळाला फडकं बांधलं, की पाणी बिनआवाजाचं उतरावं.

पुढच्या उन्हाळ्यात अवकाळी पाऊस होत राहिला, तळं काही आटलं नाही. ऑफिसातून सांगितलं, खड्डा भरला आहे, मलब्याचे ट्रक टाकले. भरला असंल, पण पाह्यला कुणी? ज्याला विचारावं तो म्हणे, बाई, भरला म्हणून तं सांगून राह्यले.

आणि मग अमोलला अनुकंपावर, बापाच्या जागी, नोकरी लागली. कुठे, तर त्याच बागेत. लोक पेढे मागायला आले. सरकारी नोकरी, घरापासून पायी जाण्यासारखी, सून रेणुका खूश, सगळे म्हणाले, सुमनताई, देवानं एक हात घेतला तर दुसरा दिला. मी पेढे वाटले. मी अमोलला एवढंच म्हटलं, तुला झाडांचं काम देतील ना? तो म्हणाला, आई, बागेत काय झाडांचं आणि काय पाण्याचं, सगळं एकच काम आहे. बापासारखाच बोलला.

महिना-दोन महिन्यांत रेणुका सहज म्हणून गेली, यांच्या पँटी रोज ओल्या येतात आई, चिखल काही निघत नाही. दुसऱ्या दिवशी मी बागेवरून गेले, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. दुरून पाहिलं तर काठावर बायका, हळदकुंकवाचं ताट, आणि अमोल कमरेएवढ्या पाण्यात, दोन्ही हात वर, हातात कासव. पाठमोरा. त्याची पाठ अगदी यांच्यासारखी आहे. मले वाटलं मी मरते. तो वाकला, सोडलं, वळला, मला पाहिलं आणि हसला.

घरी आल्यावर मी विचारलं, काऊन गेला? तो म्हणाला, आई, लोक म्हणतात तुझे बाबा सोडायचे, मग मी नाही कसं म्हणू. खड्डा कुठे आहे ते मला माहीत आहे. मी म्हटलं, त्यांनाही माहीत होतं.

तोवर मी निवृत्त झाले होते, तर तेव्हापासून रोज जाऊन काठावर बसायला लागले. पुस्तक घेऊन जायचे, पण पान उलटायचे नाही. पाण्याकडे पाहत राहायचे. उन्हाला ती कासवं वर यायची, दगडावर, पडलेल्या फांदीवर, एकावर एक चढून बसायची, मान लांब करून, आणि माझ्याकडे पाहायची असं वाटायचं. इतकी झाली होती की पाणी हललं की नुसती डोकीच डोकी. रेणुकाला ते आवडलं नाही. म्हणाली, आई, ड्युटी यांची आहे का तुमची? ऑफिसातले हसतात, म्हणतात अमोलले त्याची माय सोडाले येते शाळेतल्यासारखी. तिचं चूक नव्हतं. पण तिनं ते हात पाहिले नव्हते.

मग वरून सांगणं आलं, की तळ्यातली परदेशी कासवं काढायची. नगरपरिषदेच्या साहेबांनी गजूभाऊला बोलावलं. गजूभाऊ आमच्या भागातला सर्पमित्र, लोकांच्या घरातले साप पकडून रानात सोडतो, अंगानं काडी, बोलणं फटाक्यासारखं. त्यानं समजावून सांगितलं, ही कासवं आपल्याकडची नाहीत, माशांची अंडी खातात, बेडकांची पिल्लं खातात, उन्हाची जागा बळकावतात, आपली मऊ पाठीची बिचारी उपाशी मरतात, आणि लहान लेकरांनी याला हात लावून तोच हात तोंडात घातला की हगवण-उलटी लागते ते वेगळं. साहेबांनी विचारलं, मग काढायची कशी? तर म्हणे जाळं घेऊन उतरावं लागेल. आणि सगळ्यांनी अमोलकडे पाहिलं.

मी गजूभाऊच्या घरी गेले. पहिल्यांदाच कुणाच्या घरी असं मागायला गेले. म्हटलं, भाऊ, अमोल पाण्यात न उतरता काही होत असेल तर पाहा, मी तुमच्या पाया पडते. तो चपापला, म्हणाला, काकू, पाया नका पडू, मी सापाले भेत नाही पण बायका रडाले लागल्या की पळून जातो. मी म्हटलं, मी रडत नाही. खरंच रडत नव्हते. तो बाजेवर बसला, आणि त्या बाजेकडेच पाहत राहिला. मग म्हणाला, या कासवायले ऊन पाहिजे ना, तं आपण यायले बाज देऊ.

त्यानं जुनी बाज घेतली, सुतळी काढून टाकली, चारी पायांना तेलाच्या रिकाम्या कॅन बांधल्या, की तरंगली पाहिजे. कडेनं फळ्या लावल्या तिरप्या, कासवाला चढायला सोप्या, आणि मधे पोकळी, तिच्याखाली जाळं टांगलं. कासव ऊन खायला फळीवर चढतं, कुणी हललं की घाबरून आत उडी मारतं, आणि जाळ्यात. बाजेला दोर बांधून काठावरच्या कडुलिंबाला अडकवायचा, दोर ओढला की बाज काठाला. कुणी पाण्यात उतरायचं काम नाही. हिवाळ्याचे दिवस होते, त्यांना उन्हाची ओढ, आणि पहिल्याच दुपारी बाज जड झाली. मी त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. जाळ्यात देशी कासव आलं तर गजूभाऊ ते लगेच काठावरच परत सोडायचा, त्याला धरून ठेवणं हा गुन्हा आहे म्हणाला, सरकार आत टाकते.

धरलेली कासवं ठेवायची कुठे? फाटकाजवळ सिमेंटचा जुना हौद होता झाडांच्या पाण्याचा, त्याच्यावर जाळी बसवली, मधे दगड ठेवले. प्राणी ठेवून घेणाऱ्या केंद्राला विचारलं तर त्यांनी कळवलं, आमच्याकडे जागा नाही, तुम्हीच सांभाळा, पण कुठे सोडू नका.

पण गावाला ते पटेना. देवाला हौदात कोंडलं, नगरपरिषदेला पाप लागेल, असं बोलायला लागले. एक म्हातारी रोज यायची, हौदात मुरमुरे टाकायची आणि अमोलला म्हणायची, परदेशी हाय म्हंता ना, मंग मी हाक मारली की मान काऊन वर करते, याले आपली बोली कशी समजते? अमोल म्हणायचा, आजी, त्याला बोली नाही, मुरमुरे समजतात. ती म्हणायची, तुले तरी काय समजते मंग. सगळे हसायचे. हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक. पण लोक आणायचे थांबले नाहीत. फाटकावर पाटी लावली, कासव तळ्यात सोडू नये. पाटी वाचून लोक भिंतीवरून टाकायला लागले, आणि जे विश्वासू ते अमोलला बाजूला घेऊन म्हणायचे, बाबू, तू उतरून मधल्या पाण्यात सोड, कुणाले सांगत नाही.

एक दिवस एक बाई आली, नवरा, सासू, सगळे बरोबर. लेकरू दवाखान्यात होतं तिचं, सासूनं नवस बोलला होता की पोर बरं होऊ दे, घरचं कासव पाण्यात सोडते. पोर बरं झालं होतं. आता त्यांना हौद कसा चालेल? नवस पाण्याचा आहे, मधल्या पाण्याचा. सासू रडायला लागली, म्हणाली, बापू, तुझ्या बापानं कुणालेच नाही म्हटलं नाही. आणि अमोलनं चपला काढल्या. मी पाहत होते. त्यानं एक चप्पल काढली, दुसरी काढली, पँट वर दुमडली.

मी उठले. पुस्तक कुठे पडलं ते कळलं नाही. मी त्या बाईसमोर जाऊन पदर पसरला आणि म्हटलं, बाई, मधे नाही. माझ्या पदरात द्या.

ती थबकली. मी म्हटलं, त्याच्या बापानं नाही म्हटलं नाही म्हणून मी अशी उभी आहे. एवढंच म्हटलं. ती सासू माझ्याकडे पाहत राहिली, माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि तिनं ते कासव दोन्ही हातांनी उचलून माझ्या पदरात घातलं, लेकीची ओटी भरतात तसं, वर तांदूळ टाकले. ते जड होतं, ओलं होतं, पदरातून त्याची नखं मला लागत होती. मी आजवर कुठल्याच कासवाला हात लावला नव्हता. तरी मी चालत हौदापर्यंत गेले आणि त्याला आत ठेवलं.

तेच मग चालू झालं. लोकांना कासव टाकायचं नव्हतं हो, त्यांना निरोप द्यायचा होता, कुणीतरी हातात घ्यावं एवढंच हवं होतं. मी हौदाजवळ हळदकुंकवाचं ताट ठेवलं. काही बायका आधी कुरकुरल्या, विधवेच्या पदरात काय घालायचं म्हणून, पण कासव घरात वास मारत असलं की सगळं चालतं. आता बाहेरगावचेही येतात, खामगावकडूनसुद्धा येतात, विचारतात, ती पदरात घेणारी बाई कुठे बसते. रेणुका म्हणते, आमच्या आईंना सगळं गाव कासवबाई म्हणतं, आणि म्हणताना आता तिचं तोंड वाकडं होत नाही.

मला वाटलं संपलं. पण मोठी जी होती, जुनी, ती बाजेवर चढत नव्हती. एकदा जाळ्यातून निसटलेली पुन्हा फसत नाहीत, गजूभाऊ म्हणाला. ती मधेच राहायची. आणि या उन्हाळ्यात पाणी आटायला लागलं, रोज काठ मागे मागे जात होता, चिखल उघडा पडत होता, फुटत होता, आणि शेवटी सगळ्या तळ्यात फक्त मधे पाणी राहिलं. गोल. काळं. खड्डा होता तिथेच होता, वरवर थोडा मलबा टाकलेला, बाकी होता तसाच. आणि उरलेली सगळी कासवं त्यात गोळा झालेली.

मी म्हटलं मोटर लावा, उपसून टाका. लावली. गाळानं मोटर अडली, पुन्हा लावली, पुन्हा अडली. गजूभाऊ म्हणाला, काकू, मशीन घातलं तर देशी कासवं चिरडतील, ती त्याच गाळात आहेत. हातानंच चाचपून काढावं लागते, टणक पाठ लागली तं वर, मऊ लागली तं राहू द्यायची. मी उतरतो, तुम्ही काळजी करू नका.

अमोल म्हणाला, नाही, मी उतरतो.

मी त्याला बाजूला नेलं, लिंबाखाली. म्हटलं, गजूभाऊ उतरतो म्हणतो ना, त्याला पोहता येतं, तुला काय पडलंय, कोणाला काय दाखवायचं आहे? मी खूप बोलले. नोकरी सोड म्हटलं. माझी पेन्शन आहे म्हटलं. तो ऐकत राहिला आणि मग घरच्या बोलीत म्हणाला, आई, मले एकदा ते पाह्यचं आहे.

मलाही पाहायचं होतं. पाहायचं होतं आणि पाहण्याची भीती होती, इतकी की लिंबाच्या खोडाला धरून मी उभी होते.

दोर मी बांधला. त्याच्या कमरेला, माझ्या हातानं, गाठ मारली, पुन्हा मारली, तो म्हणाला आई, श्वास तर घेऊ दे. दोराचं दुसरं टोक दोन माळ्यांनी धरलं आणि त्यांच्या पुढे मी. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही सरका. मी सरकले नाही, त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. चिखलावर फळ्या टाकल्या होत्या, तो फळ्यांवरून गेला, कडेला बसला, आणि पाण्यात सरकला. मांडीपर्यंत. कमरेपर्यंत. मी दोर सैल सोडत होते आणि प्रत्येक वेळी हात सोडायला तयार होत नव्हता. पोटापर्यंत. काठावर कुणी बोलत नव्हतं, ती मुरमुऱ्यांची म्हातारीही नाही. छातीपर्यंत पाणी आलं आणि तो थांबला. त्यानं मागे पाहिलं.

इथंच, मला ठाऊक होतं, इथंच. माझे डोळे मिटले. मी दोर इतका आवळला की मागचे माळी ओरडले, ताई, सोडा, तो वढला जाईल.

आणि त्याचा आवाज आला. मोठ्यानं नाही, घरात सांगावं तसा.

आई, पाय टेकतात इथं.

मी डोळे उघडले. तो उभा होता, छातीएवढ्या पाण्यात, खड्ड्याच्या मधोमध उभा होता. पुन्हा म्हणाला, टेकतात आई, खाली दगड आहे. मग वाकला, हात गाळात घातला आणि पहिलं कासव काढून फळीवर ठेवलं. मग दुसरं. एकदा थांबला, म्हणाला, हे मऊ आहे, राहू देतो. असं खूप वेळ चाललं. ते कासव त्यांच्यात होतं का, असणारच, पण कोणतं, ते मला कळलं नाही, आणि मी शोधलंही नाही.

त्यांच्या वेळी पाणी भरलेलं होतं, दीड-दोन पुरुष असेल. आता एवढंसं डबकं. एवढ्याशा जागेत माणूस गेला, असं मनात येत होतं. तो वर आला तेव्हा मी दोर सोडला, तळहाताची सालं निघाली होती, ते रेणुकानं पाहिलं, मला कळलंच नव्हतं. हळद लावताना ती म्हणाली, आई, उद्यापासून मी पण येत जाते तुमच्यासोबत.

पावसाआधी खड्डा मुरूम टाकून भरला, देशी कासवं आधी हातानं बाजूला काढून. या वेळी मी उभी राहून पाहिलं, शेवटचा ट्रक रिकामा होईपर्यंत. आता तळं सगळीकडे सारखं आहे म्हणतात. सगळीकडे कमरेएवढं.

भीती गेली का, असं तुम्ही विचारता. नाही हो. कुणी कमरेएवढं म्हटलं की मला ते पूर्वीचं कमरेएवढंच आठवतं. अमोलला उशीर झाला की मी अजून दारात उभी राहते, फोन वाजला की आधी हात पुसते, मग उचलते. ती कासवं तीस-चाळीस वर्षं जगतात म्हणे. मी तेवढी नाही. माझ्या मागे त्यांना कोण घालेल खायला, ही नवी भीती आहे, पण ती त्यातल्या त्यात बरी. तुमच्या घरी असेल तर पाण्यात सोडू नका, इकडे आणा, मी पदरात घेते. तुमचं भलं होवो, तुमच्या घरची माणसं वेळेवर घरी येवोत.

हौदात कासवं आहेत. तळ्यात पाणी आहे. अमोल रोज सकाळी कामावर जातो आणि संध्याकाळी घरी येतो.